जादा वाटीचा अर्ज कसा करावा

सर्वप्रथम जठर कमी करून घ्यावं. स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि मागे केळ्याएवढी नळी ठेवतात. बायपास केलात तर वरचा कप्पा जेमतेम ३० मिलिलिटरचा उरतो, म्हणजे खोकल्याच्या औषधाची तीन टोपणं. माझी स्लीव्ह. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जिथे सगळ्यात जास्त तयार होतं, तो भागही कापलेल्यातच जातो. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने बहुतेकांना फारशी भूक लागत नाही. खावंसं मात्र वाटतं. हा फरक नवशिक्यांनी वहीत लिहून ठेवावा. पुढची सगळी लबाडी त्याच्यावरच उभी आहे.

मग व्यायाम सुरू करावा. चालायला तर ऑपरेशननंतर लगेचच लावतात. वजनं उचलायची परवानगी टाके नीट भरल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा. तिसऱ्या महिन्यात मी पर्वती चढले. पायऱ्या १०३, माझे थांबे नऊ. वर पोचल्यावर पुणं बघायचं असतं म्हणे. मी कठड्याला धरून माझा श्वास बघत होते. पण उतरताना पायांत हलकेपणा आला आणि डोक्यात हिशेब. एवढं केलं, तर आज थोडं जास्त चालेल ना?

यात माझा दोष नाही, गावाचा आहे. पुण्यात सहाला टेकडीवर दिसणारी माणसं साडेसातला मिसळीसमोर दिसतात. इथे टेकडी ही मिसळीची प्रस्तावना असते.

अर्जाला पुरावा लागतो, म्हणून मनगटावर घड्याळ बांधावं. माझ्या घड्याळाने त्या दिवशी ४१० कॅलरी दाखवल्या. लगेच विश्वास ठेवावा. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात मनगटी यंत्रं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण खर्च झालेल्या कॅलरींमध्ये त्यातल्या त्यात बरं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. ही माहिती घरात कुणाला सांगू नये. कागद-पेन्सिलही घेऊ नये, कारण ७० किलोचं माणूस अर्धा तास बऱ्यापैकी चाललं तर साधारण १२० कॅलरी जळतात, आणि त्यातल्या पस्तीसेक तर नुसतं बसूनही जळल्याच असत्या. उरलेल्या पंच्याऐंशीत वडापावातला वडासुद्धा बसत नाही.

आता एक साथीदार शोधावा. माझ्या घरी सासूबाई आहेत. "अगं, डोंगर चढून आलीस, तोंड बघ केवढंसं झालंय," असं म्हणत त्या कढई चढवतात. (तोंड केवढंसं व्हावं म्हणूनच आपण लाखो रुपये भरलेत, हे त्यांना सांगून उपयोग नाही.) मी तेव्हा लेकीच्या उष्टावणाच्या चांदीच्या वाटीत जेवायचे. बोटाचं एक पेर बुडेल एवढी खोल वाटी, चमचाही तिचाच. त्या दिवशी शिऱ्याची एक वाटी झाली आणि व्यायामाच्या नावाने दुसरी आली. साजूक तूप, वर बेदाणा.

चौथ्या चमच्याला एक उचकी आली. जठराची ती पहिली नोटीस. नवशिक्यांनी दुर्लक्ष करावं. पाचव्याला नाक वाहायला लागलं. सहाव्याला छातीच्या मधोमध कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं झालं, मग कपाळावर घाम, धडधड. पुढचा तासभर मी कुशीवर पडून कपाटाच्या मुठी मोजत होते. सासूबाई दारात उभ्या. "मिरची तर नव्हती गं घातली," म्हणाल्या. बिचाऱ्या. तूप-साखरेचा ऐवज जठरातून घाईने आतड्यात ढकलला गेला की असं होतं; बायपासवाल्यांना जास्त, पण आम्हालाही सुटका नाही.

अर्ज घेऊन मी डाएटिशियनकडे गेले. व्यायामाच्या दिवशी किती जास्त खाऊ? ती म्हणाली, "ताई, आधी हे सांगा, काल प्रोटीन किती गेलं?" वहीतून बेरीज केली. ३८ ग्रॅम. आमच्यासारख्यांना रोज किमान ६० लागतं, चालाल त्या दिवशीही आणि लोळाल त्या दिवशीही. म्हणजे जादा वाटी मागणारी बाई मूळची वाटीच संपवत नव्हती. वजन भराभर उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. त्यांना धरून ठेवायला प्रोटीन हवं आणि व्यायाम हवा. बाकी पर्वती चढायचं इंधन तर मी कंबरेला बांधूनच हिंडत होते. ते जळावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

तिने वाटी वाढवली नाही, वेळ हलवली. दिवसाचं खाणं तेवढंच, पण त्यातलं अंडं किंवा पनीर चालून आल्यानंतर. पाणी मात्र खरंच जास्त, आणि इथे खरी गंमत आहे. आम्हाला घटाघटा पिता येत नाही, जेवताना प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. त्यामुळे मे महिन्यात सकाळी चढायचं तर आदल्या संध्याकाळपासून घोट घोट साठवत बसावं लागतं. चक्कर आली, हात थरथरले, तर त्यावर शिरा हा उपाय नव्हे. डॉक्टरांना फोन करावा.

जास्त खायचे दिवस येतच नाहीत असं नाही. वर्ष-दीड वर्षाने वजन स्थिरावलं, दर रविवारी सिंहगड चढू लागलात किंवा लांब पल्ल्याचं पळायला लागलात, की खाणं वाढवावंच लागतं. फक्त तो आकडा डाएटिशियनने काढायचा, घड्याळाने नाही.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आता पर्वतीच्या दिवशी डब्यात पनीरचे पाच तुकडे असतात, वर हळद-मीठ, आणि एका कोपऱ्यात सहावा. "चढतेस म्हणून," म्हणतात. पाच तुकडे खायला मला वीस मिनिटं लागतात. सहावा पायथ्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या आजोबांना द्यावा. त्यांचं जठर अखंड आहे, आणि ते पायऱ्या चढतही नाहीत.