सिएटलची सून, कोथरूडची पाहुणी

मराठीची हद्द कुठं संपते याबद्दल पुण्यात दोन मतं आहेत. एका मताप्रमाणे ती लकडी पुलाशी संपते. दुसरं मत जरा उदार आहे, ते तिला राजगुरुनगरपर्यंत जाऊ देतं. त्यामुळे धुळं आणि शिरपूर मागं टाकून आमची बस बिजासन घाट चढायला लागली, तेव्हा मी वरच्या बर्थवर पडल्या पडल्या मातृभाषेचा निरोप घेतला. पुढं सेंधवा, मध्य प्रदेश, सगळा हिंदी मुलूख. पहाटे खलघाटला बस पुलावर आली. ड्रायव्हर "नर्मदे हर" म्हणाला आणि खालच्या बर्थवरून लगेच आवाज आला, "अहो, उठा! नर्मदा आली. नाणं टाका." अहोंनी नाणं शोधलं, चष्मा शोधला, मग खिडकीशी झटापट केली. एसी बसची काच ती, उघडते कशाला? तोवर पूल संपला. "जाऊ दे," बाई म्हणाल्या, "परतताना दोन टाकू." निरोप घेतलेली मातृभाषा हिशेबासकट माझ्याबरोबर नदी ओलांडून आली होती.

मी निघाले होते सांत्वनाला. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याची आकुर्डीहून पीथमपूरला बदली झाली आणि बिऱ्हाड इंदूरला हललं, तेव्हा ती फोनवर हुंदके देत होती. इथं कुणी आपलं नाही, पोरीला शाळेत हिंदी येत नाही, गोडा मसाला संपत आला आहे, असं बरंच काही. पुढं फोन आखडते झाले. मग तिनं दिवाळीला पुण्याला यायचं टाळलं, तेव्हा मात्र मला काळजी वाटली. माणूस दुःखात असलं की असंच गप्प होतं. म्हणून बाकरवडीचे चार पुडे घेऊन मी गाडीत बसले. इंदूरला तिखटमिठाचं काही घेऊन जाणं म्हणजे कोकणात नारळ नेणं, हे मला कुणी सांगायला नको होतं का?

राजेंद्रनगरला तिच्या घरी पोचले. एक पुडा तिथंच फुटला. रिकामं वेष्टन मी सवयीनं ओट्याखालच्या डब्यात टाकलं, तर मैत्रिणीच्या मुलीनं ते पुन्हा बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. "मावशी, हा प्लास्टिक आहे. ओल्यात नाही टाकायचा असतो." 2017 पासून वर्षानुवर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या गावातली ती पहिलीतली नागरिक. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घातक आणि सॅनिटरी, असे सहा प्रकार तिनं मला बोटांवर मोजून दाखवले. 'हे' प्लास्टिक 'हा' झालं आहे, हे सुधारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण कचऱ्याच्या बाबतीत मी उघडी पडले होते, तेव्हा व्याकरणाच्या बाबतीत गप्प राहणं शहाणपणाचं होतं.

"चल, पोहे खाऊन येऊ," मैत्रीण म्हणाली.

घरात पोहे असताना ते खायला बाहेर जाणं कोथरूडच्या संस्कारांत बसत नाही. शिवाय ही तीच बाई, जिच्या कांदेपोह्यांवर ओलं खोबरं नसलं तर ती ताट पुढं करायची नाही. टपरीवर एका मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत होतं, वर परात, परातीत पिवळ्याधमक पोह्यांचा डोंगर. नुसत्या वाफेवर. मी कढई शोधली, फोडणीचा वास शोधला. सापडली ती बडीशेप आणि साखर. दुकानदारानं कागदाच्या प्लेटमध्ये पोहे घेतले, त्यावर मूठभर शेव, कच्चा कांदा, खारी बुंदी, डाळिंबाचे दाणे, वरून लिंबू. शेवटी एका डब्यातून काळपट तपकिरी पूड भुरभुरली. ते जिरावण. जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग आणि प्रत्येक घराचा आणखी एखादा न सांगितला जाणारा जिन्नस. हे सगळं झाल्यावर त्याच प्लेटच्या कडेला त्यानं गरम जिलबी ठेवली. पाक पोह्यांकडे ओघळत निघाला. मी प्लेट तिरकी धरून तो अडवत होते, आणि इकडे माझी मैत्रीण म्हणत होती, "भिया, जिरावण थोडा और." मग तिनं जिलबीचा तुकडा मोडला, तो पोह्यांत बुडवला आणि डोळे मिटले.

सांत्वनाचा कार्यक्रम मी तिथंच रद्द केला.

संध्याकाळी तिच्याकडे भिशी होती. महिन्यातून एकदा जमणाऱ्या या बायकांत एक नागपूरची, बँकेतल्या नवऱ्यामागं आलेली. एक सांगलीची, तिचा नवरा सुपर कॉरिडॉरवर संगणकाशी बोलतो. एक केरळची. आणि सगळ्यांच्या वरिष्ठ इंदूरच्या काकू. काकूंचं घराणं होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आलं, म्हणजे त्यांच्या बदलीला तीनशे वर्षं होत आली. आमच्या बायका परगावी गेल्या की आधी मंडळ काढतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं आहे आणि जर्मनीत नोकरीला गेलेली आमची पोरंही मोदकाचा साचा बॅगेत टाकूनच विमानात बसतात. पण काकूंच्या पूर्वजांनी मंडळाच्या भानगडीत न पडता सरळ संस्थान काढलं. त्यामुळे इथं 'परक्या गावात आलो' असं म्हणायची सोय राहिलेली नाही. नवीन मराठी बाई इमारतीत राहायला आली की काकू डबा घेऊन पोचतात, आणि डबा परत करायला गेलेली बाई भिशीचे पैसे भरूनच घरी येते.

केरळच्या बाईंचं असंच झालं. त्या आल्या तेव्हा त्यांना हिंदी येत नव्हतं. शेजारी काकू. भाजीवाल्यापासून पोलिओच्या डोसापर्यंत सगळा व्यवहार काकूंनी शिकवला, तो मराठीत. बाईंना वाटलं, इंदूरची भाषा हीच असणार. त्या चिकाटीनं शिकल्या. सहा महिन्यांनी मुलाच्या शाळेत पालकसभेला गेल्या आणि मुख्याध्यापिकेशी अस्खलित मराठीत बोलल्या, तेव्हा काय तो उलगडा झाला. आज त्या खोलीत 'च' आणि 'ळ' चोख उच्चारणाऱ्या त्या एकट्याच. बाकी सगळा आनंद होता.

"मला नं तुमचं पुणं खूप चांगलं लागलं होतं," काकू मला म्हणाल्या. "पण तिथं मी नाही राहू शकणार. कोणी घरी येऊनच नाही राहिलं."

नागपूरकरीण यावर टाळी देऊन हसली, कारण तिच्याकडे तर सगळं 'करूनच राहतात'. सांगलीकरीण एकदा बोलायला लागली की तिला कुणी थांबवत नाही. मुलं हिंदीत भांडत होती, इंग्रजीत तक्रार करत होती आणि मार बसला की मराठीत रडत होती. शनिवारी नागपूरकरीण सगळ्या पोरांना मराठी वाचायला शिकवते, रविवारी काकू त्यांचा हिंदीचा गृहपाठ घेतात. मोबदला पदार्थांत. गरम तळलेला गराडूचा कंद काकूंकडून, भडंग सांगलीकडून, तर्रीची पद्धत नागपूरची, अप्पम केरळचे. माझी मैत्रीण काय देते, असं मी विचारलं. "ती सगळं खाऊन मत देते," सांगलीकरीण म्हणाली. "पुण्याची आहे न्हवं."

मग पोह्यांवरून जुंपलीच. नागपूरचं म्हणणं, पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री नसेल तर ते आजाऱ्याचं अन्न. मी ओल्या खोबऱ्याची बाजू लढवत होते आणि माझी मैत्रीण, मान खाली घालून, तटस्थ. काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. "पोहे तुमच्याकडूनच आले नं इथं," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "मग आम्ही ते सुधारले."

मला विषय बदलणं भाग होतं. म्हणून नाटकाचा काढला, तर आणखी फसले. इथं सानंद नावाची संस्था आहे. ती महाराष्ट्रातली नाटकं इंदूरला आणते आणि सभासद इतके की एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग लावावे लागतात. काकूंनी हंगामातली सगळी नाटकं पाहिली होती. नटांच्या चुकांसकट. "तुम्हाला तर बालगंधर्वला वाटेल तेव्हा जाता येत असेल नं?" त्यांनी विचारलं.

"पार्किंग मिळत नाही," मी म्हटलं.

काकूंनी माझ्या पानात आणखी एक गराडू वाढला. साहित्य संमेलनाचं तर मी नावच काढणार नव्हते, ते त्यांनी काढलं. इंदूरला ते 1917 साली झालं, 1935 साली झालं आणि 2001 साली विजया राजाध्यक्ष अध्यक्ष असताना झालं. त्या शेवटच्या वेळी काकू जेवणाच्या मांडवात होत्या. साहित्यिकांविषयी त्यांचं मत त्या मांडवातच बनलेलं आहे आणि ते छापण्याजोगं नाही.

या बायकांचं एक दैवतही आहे. मला वाटलं होतं अहिल्याबाई. पण अहिल्याबाई फार मोठ्या, त्यांच्याकडे गोड्या मसाल्याचं गाऱ्हाणं कसं न्यायचं? यांचं रोजचं दैवत वेगळं, नॅन्सी मिलर. ही अमेरिकेतल्या सिएटलची मुलगी. 1926 साली गादी सोडलेल्या तुकोजीराव होळकरांशी तिचं सूत जमलं. वादळ उठलं. शेवटी तिची शुद्धी झाली, शर्मिष्ठा हे नाव मिळालं, आणि 1928 च्या मार्चमध्ये बडवाह्याला लग्न लागलं. लग्नातल्या फोटोत ती मराठी पद्धतीनं नटून, दागिन्यांनी मढून उभी आहे. पुढं ती इथलीच झाली. "ती बाई सिएटलहून येऊन निभावून गेली," माझी मैत्रीण सांगते, "आणि मी कोथरूडहून येऊन रडत होते!" भिशीत कुणी नवीन बाई सासरची किंवा बदलीची रड घेऊन बसली की तिला शर्मिष्ठादेवींची गोष्ट ऐकवतात. तेवढ्यात चहा होतो.

होळकरांना परदेशी माणसांचं वावडं कधी नव्हतं. तुकोजीरावांचे चिरंजीव यशवंतराव इंग्लंडमध्ये शिकले आणि त्यांनी माणिकबाग महाल बांधायला एकार्ट मुथेसियस हा वास्तुरचनाकार आणला. जर्मन आईबापांचा, जन्म मात्र लंडनचा. 1930 च्या सुमारास, पंचविशीतल्या त्या पोरानं माळव्याच्या उन्हात युरोपातही नवलाईचा वाटावा असा महाल उभा केला, आत पॅरिसच्या कारागिरांचं फर्निचर. त्यातलं बरंचसं 1980 साली मोनॅकोत लिलावात विकलं गेलं. एवढं ऐकल्यावर महाल पाहायची इच्छा होणारच. मी तशी बोलून दाखवली, तर खोलीत शांतता पसरली.

"तिथं आता टॅक्सवाल्यांचं ऑफिस आहे," नागपूरकरीण म्हणाली. "नोटीस आल्याशिवाय कोणी जात नाही."

माझी महालाची हौस सराफ्यावर भागवायचं ठरलं. राजवाड्यामागचा हा सोन्याचांदीचा बाजार. रात्री पेढ्यांची शटरं खाली आली की त्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी माणसाला माणूस घासत असतं. रात्रभर गर्दी राहिली की दुकानांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनी हे चालू दिलं, असं सांगतात. आम्ही पोरांसकट गेलो. पुण्यात त्या वेळेला सोसायटीचा वॉचमनसुद्धा झोपलेला असतो.

काकू पुढं, आम्ही मागं. मक्याचं कणीस किसून दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस झाला. शिकंजी मागवली. लिंबूपाणी येईल या भरवशावर मी मोठा घोट घेतला, तर ती दाट दुधाची निघाली, आत सुकामेवा. दहीवड्याच्या दुकानात मात्र मी खाणं विसरून पाहत राहिले. दहीवड्यानं भरलेला द्रोण गड्यानं सरळ वर हवेत फेकला, झेलला, एक थेंब सांडला नाही. मग एकाच चिमटीत चार-पाच मसाले धरून ते एकामागून एक वेगवेगळे सोडले. आधी मीठ, मग मिरची, मग जिरं. कोणत्या बोटात काय आहे हे त्या बोटांनाच माहीत. सांगलीकरणीच्या मुलानं हे घरी करून पाहिलं होतं. छतावरचा डाग अजून आहे म्हणे.

बारा वाजले. काकूंनी घड्याळ पाहिलं आणि हातातला दहीवडा माझ्या हातात दिला. "एकादशी लागली."

"तिथी सूर्योदयाची धरतात, काकू," नागपूरकरीण म्हणाली.

"मी घड्याळाची धरते," काकू म्हणाल्या आणि साबुदाण्याच्या खिचडीच्या गाडीकडे वळल्या. इथली खिचडीसुद्धा वाफेवरची. वर फराळी चिवडा, बटाट्याची सळी, लिंबू, कोथिंबीर. उपासाला कोथिंबीर चालते का, हा प्रश्न मी गिळला, कारण पलीकडच्या कढईत ताटाएवढा जलेबा तळला जात होता आणि काकूंची नजर तिकडं होती. मैद्याचा जलेबा एकादशीला चालावा की नाही, यावर दोन पक्ष पडले. पोरांनी हिंदीत जलेब्याच्या बाजूनं घोषणा दिल्या. इतका वेळ गप्प असलेल्या केरळच्या बाईंनी खिचडीतला एक दाणा चमच्यावर घेऊन निरखून पाहिला.

"काकू," त्या त्यांच्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "हा साबुदाणा ज्या कंदापासून होतो ना, तो आमच्या घरी रोज असतो. आम्ही तो मासळीच्या कालवणाबरोबर खातो."

काकूंचा चमचा वाटेत थांबला. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला.

"ताटं वेगळी असतील नं?" काकू म्हणाल्या, आणि गाडीवाल्याकडून आणखी थोडं जिरावण मागून घेतलं.