कलिंगडवाला

दिवाळीच्या आधी गाडी आतून साफ केली आणि दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर एक माणूस उगवला. लालभडक, खुर्चीत ताठ बसलेला आणि पुढ्यात भलंमोठं कलिंगड धरलेला. किल्ली फिरवली की हा माणूस रोज दर्शन देतो, पाच-सहा सेकंदांत यंत्रणा स्वतःची तपासणी करते आणि तो निघून जातो. त्या दिवशी मात्र पाहुणा मुक्कामाला आल्यासारखा बसूनच राहिला.

"हा कोण रे?" शेजारच्या सीटवरून आईनं विचारलं.

"एअरबॅगचा दिवा आहे, आई."

"म्हणजे ती बाहेर येणार आहे?"

"नाही. वेळ आली तर कदाचित येणार नाही, असं तो सांगतोय."

"मग हसतोय कशाला?" आई म्हणाली. तो हसत नव्हता. पण मलाही मग तसं वाटायला लागलं.

सोसायटीत ही बातमी मी सांगायला नको होती. तळमजल्यावरच्यांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावायला सांगितलं. त्यांच्या गाडीत म्हणे अशा तीन पट्ट्या आहेत आणि गाडी झकास चालते. बी विंगमधल्यांच्या माहितीत एक जण होता, तो मीटर उघडून दिव्याचा बल्बच काढून देतो. आमच्याकडे घर गळत असलं तर छताला रंग देतात, त्यातलाच हा प्रकार. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं संगणकाकडे बघत बघत एक आकडा सांगितला. त्या आकड्यात माझी पहिली स्कूटर आली असती, वर आठ दिवसांचं महाबळेश्वर.

तेव्हा मी ठरवलं, आपणच करू.

इथं माझा पूर्वेतिहास सांगायला हवा. इस्त्री, मिक्सर, गीझर, दाराची बेल, सगळं मी घरीच दुरुस्त करतो. आमच्या घरात मी दुरुस्त केलेली वस्तू ओळखायला सोपी असते. तिला काळी टेप गुंडाळलेली असते आणि ती वापरात नसते. मिक्सर अजून चालतो, पण फक्त तीनवर, आणि झाकणावर एका माणसानं बसल्यासारखा जोर द्यावा लागतो.

तर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये डावीकडचं दार उघडून, गुडघे फरशीवर टेकून मी आईच्या सीटखाली डोकं घातलं. खाली पिवळ्या आवरणातल्या तारा आणि पिवळा प्लग दिसला. एअरबॅगच्या तारा मुद्दाम पिवळ्या ठेवतात, माणसानं लांब राहावं म्हणून. मला मात्र पिवळा रंग पाहून शुभकार्याची आठवण झाली. प्लग ओढून सोडवला, मल्टिमीटर ओहमवर ठेवला आणि त्याची लाल सुई प्लगजवळ नेली, एवढ्यात मागून आवाज आला.

"काय करालाय काका? हात भाईर काढा आधी!"

शेजाऱ्यांची उतरलेली बॅटरी बघायला ऑटो इलेक्ट्रिशियन आला होता. मूळचा कोल्हापूरकडचा, तिशीतला पोरगा. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात. त्यानं माझ्या हातातला मीटर असा काढून घेतला, जसा लहान पोराच्या हातून पेटता भुईनळा काढून घ्यावा.

मग त्यानं मला शिकवलं. एअरबॅगला आपण फुगा म्हणतो, पण फुगा हे तिचं शेवटचं रूप. आधी ती सुतळी बॉम्बच्या घराण्यातली असते. दोन तारा एका छोट्या सुरुंगाला जातात, करंट आला की तो पेटतो, त्यातून वायू सुटतो आणि साधारण तीस मिलिसेकंदांत पिशवी टम्म फुगते. तेवढ्यात पापणीसुद्धा पुरती मिटत नाही. आणि मीटर ओहमवर ठेवला की तो मोजण्यासाठी स्वतःच्या बॅटरीतून करंट सोडतो. थोडाच, पण समोरचा किती कमी करंटला पेटेल याची पैज लावायची नसते.

"प्लग ओढला तेव्हा का नाही पेटला?" मी विचारलं. आवाज माझाच होता, जरा बारीक झाला होता इतकंच.

त्यानं टॉर्च मारून प्लगच्या तोंडात दाखवलं. आत नखाएवढी पत्र्याची पट्टी होती. प्लग सुटला की ही पट्टी आपोआप दोन्ही तारांना टेकते, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेची ठिणगीसुद्धा सुरुंगापर्यंत पोचत नाही. माझ्यासारखी माणसं जगात असणार हे ज्या इंजिनिअरनं आधीच गृहीत धरलं, त्याला मी मनोमन नमस्कार केला.

मिस्त्रीनं किल्ली काढून घेतली, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं आणि हात पुसत म्हणाला, "आता दहा मिनिटं थांबायचं."

"कशासाठी?"

"कंट्रोल युनिटमधी कपॅसिटर असतोय. धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून करंट साठवून ठेवतोय. त्यो उतरू दे." किती थांबायचं ते गाडीगणिक वेगळं, कुठं एक मिनिट, कुठं तीन. हा दहाच धरतो. "घाई कुणाला हाय?"

मला होती. हातात पकड असताना काही न करता दहा मिनिटं बसणं मला कधी जमलेलं नाही. माझं लग्नसुद्धा मी मंडपातली ट्यूबलाइट उघडूनच साजरं केलं होतं. शेवटी चहा मागवला. आईही खाली आली आणि मिस्त्री तिला आज्जी म्हणून गोष्टी सांगू लागला. सेकंडहँड गाड्यांत काय काय सापडतं ते त्यानं सांगितलं. अपघातात उघडलेल्या बॅगच्या जागी चिंध्या भरलेल्या, आणि युनिटला बॅग आहे असं वाटावं म्हणून तिथं दीड-दमडीचा रेझिस्टर जोडलेला. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश.

मीही ज्ञान पाजळलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जॉन हेट्रिक म्हणून एक गृहस्थ होते. 1952 साली बायको आणि लहान मुलीला घेऊन गाडीतून जाताना रस्त्यात दगड आला. त्यांनी गाडी वळवून ब्रेक मारला आणि नवरा-बायको दोघांचेही हात आपोआप मुलीच्या पुढे आडवे गेले. घरी येऊन त्यांनी फुगणाऱ्या उशीचं चित्र काढलं आणि 1953 मध्ये पेटंट मिळवलं.

"त्यात काय शोधलं?" आई म्हणाली. "मी अजून तुझ्या पुढे हात घालते." खरं आहे. मी छप्पन्न वर्षांचा आहे आणि प्रत्येक सिग्नलला पाटल्यांसकट तिचा हात माझ्या बरगड्यांत बसतो.

आपल्याकडे चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली 1 जुलै 2019 पासून, आणि शेजारच्या सीटची, तीही नव्या मॉडेलांना, 1 एप्रिल 2021 पासून. म्हणजे पावणेदोन वर्षं कायदा फक्त चालकाची काळजी करत होता. शेजारी बहुधा बायको किंवा आई बसते, एवढीच नोंद करून पुढे जातो.

दहा मिनिटं झाली. मिस्त्रीनं सीटचे बोल्ट काढून ती मागे कलंडवली आणि आम्ही तिघं खाली वाकलो. पिवळ्या आवरणाला बारीक बारीक दातांची नक्षी होती. एक तार तुटून तिचं तांबं केसासारखं पिंजारलं होतं. बाजूला शेंगांची टरफलं, चकलीचा तुकडा आणि खाली मऊ अंथरूण. उंदीर पळावेत म्हणून मी बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवली होती. उंदरानं ती आत आणून पसरली होती.

"टेप लावू?" मी खिशात हात घातला.

"इथं टेप न्हाई." माझ्या पिढ्यान् पिढ्यांच्या विद्येची त्यानं तीन शब्दांत वासलात लावली. युनिट त्या दोन तारांचा रोध सतत मोजत असतं. पिळून जोडलेल्या तारेत तो आज एक, उद्या दुसरा, आणि खड्डा आला की तिसराच. पुण्यात खड्डा केव्हाही येतो. शिवाय एका तारेत दोष सापडला की कित्येक गाड्यांत सगळी यंत्रणाच बंद राहते. म्हणून बऱ्याच कंपन्या पिवळ्या तारेला सांधा चालवून घेत नाहीत, तो तुकडाच नवा घाला म्हणतात. सीटखालचा तुकडा सुटा मिळत होता. पूर्ण हार्नेसची गरज नव्हती, म्हणजे महाबळेश्वर वाचलं.

एवढ्यात त्याचं लक्ष डॅशबोर्डकडे गेलं. तिथं आईनं पितळी गणपती चिकटवला होता, नेमका एअरबॅगच्या झाकणावर.

"आज्जी, बॅग उघडली तर बाप्पा गोळीगत सुटंल."

आईनं गणपतीकडे पाहिलं, मग सीटखाली पाहिलं. "आणि तार कुणी तोडली? उंदरानं. उंदीर कुणाचा?"

आम्ही दोघं गप्प.

"त्यानं स्वतःचा जीव वाचवला," आई म्हणाली. "तुम्हाला आधी कळायला हवं होतं."

चार दिवसांनी तुकडा आला. पुन्हा टर्मिनल, पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा चहा. प्लग 'टक्' करून बसला, त्याची लहानशी कडी लागली. सीट जागेवर आली. मिस्त्रीनं सगळ्यांना गाडीबाहेर काढलं, बॅटरी जोडली आणि खिडकीतून हात आत घालून, अंग बाहेर ठेवून किल्ली फिरवली. मग स्कॅनर लावून साठलेला जुना कोड पुसला. कलिंगडवाला उगवला. आम्ही मोजायला लागलो. सहाला तो गेला.

गणपती गिअरजवळच्या खणात उतरला. आईनं त्याची समजूत घातली, नारळ वाढवला, आणि गाडी पूर्ववत धावू लागली. सिग्नलला माझ्या बरगड्यासुद्धा.

परवा तिची सीट मागे सरकवायला वाकलो तर सीटखाली वर्तमानपत्राच्या कपट्यावर पाच साखरफुटाणे नीट मांडलेले. वाहनाची नाराजी नको म्हणून. ते उचलायला हात घातला, शेजारी पिवळी तार दिसली, तसाच मागे घेतला आणि मिस्त्रीला फोन लावला.

"हात लावू नका काका," तो म्हणाला. "दहा मिनिटं थांबा, आलोच."