स्प्रिंटची जमाबंदी

बिंबाजी भोसले १७८७ साली रतनपुरास निवर्तल्यावर छत्तीसगडचा कारभार नागपुराहून नेमलेल्या सुभेदारांकडे गेला, आणि विठ्ठल दिनकर नामक सुभेदाराने जुनी गढांची व्यवस्था मोडून परगणे पाडले, परगण्यावर कमाविसदार नेमला व त्याच्या शेजारी फडणीस बसवला. तेव्हापासून या मुलखातील मनुष्यास एक गोष्ट पक्की ठाऊक आहे की, मालक जितका दूर, तितका हिशेबाचा कागद लांब. म्हणूनच भिलाई-३ येथे आमच्या शेजारच्या माडीवर बसून पुण्यातील एका संगणक कंपनीची चाकरी करणारा तरुण परवा हाती एक प्रदीर्घ प्रश्नावली घेऊन खाली उतरला, तेव्हा मला यत्किंचितही आश्चर्य वाटले नाही.

"काका, आमची टीम सर्वोत्तम काम करते की नाही, हे कंपनीला ठरवायचंय," तो म्हणाला. "एक ते पाच गुण द्यायचे."

पहिलाच प्रश्न असा होता की, आपल्या चमूत मनातील गोष्ट निर्भयपणे बोलता येते काय. आणि त्याखाली आपले नाव, कर्मचारी क्रमांक व वरिष्ठांचे नाव लिहिणे अनिवार्य केले होते. त्याने पाच गुण दिले. मीही तेच दिले असते.

या तरुणाचा चमू 'अ‍ॅजाइल' आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड या बर्फाळ विहारस्थानी १७ प्रोग्रामर एकत्र आले आणि कागदपत्रांचा डोंगर, मंजुऱ्यांची उतरंड व वर्षानुवर्षांच्या योजना यांना कंटाळून त्यांनी एक छोटासा जाहीरनामा काढला. त्याच्या जोडीस १२ तत्त्वे दिली, आणि त्यांपैकी एकात, प्रगतीचे मुख्य माप म्हणजे चालणारा प्रोग्राम, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगून टाकले. एवढ्यावर विषय संपला असता तर सहस्रावधी सल्लागार, प्रशिक्षक व प्रमाणपत्रदाते उपाशी मरते. सबब तो संपला नाही. आता रोज सकाळी १५ मिनिटांची 'स्टँड-अप' भरते, जिच्यात सर्वांनी उभे राहून बोलावयाचे असते व जी आमचा तरुण पलंगावर आडवा होऊन, कॅमेरा बंद ठेवून, पाऊण तास ऐकतो.

परंतु या साऱ्या शास्त्राचा गाभा म्हणजे 'स्टोरी पॉइंट'. एखादे काम किती अवघड, याचा अंदाज पत्ते उघडून बांधावयाचा. पत्त्यांवर १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे. आणि दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये असे जितके पॉइंट पुरे होतील तो चमूचा वेग. ही युक्ती चमूने स्वतःपुरती वापरावी, अशी मूळ कल्पना. ती बहुधा आपणच काढली असावी व तसे असल्यास त्याबद्दल दिलगीर आहोत, असे रॉन जेफ्रीज या आद्य प्रवर्तकाने पुढे लिहूनही ठेवले. पण दिलगिरीची बारनिशीत नोंद होत नसते. गेल्या तिमाहीत वरून फर्मान सुटले की, वेग एक पंचमांशाने वाढला पाहिजे. तो पंधरवड्याच्या आत वाढला. काल जे काम पाचाचे होते ते आज आठाचे झाले, एवढाच काय तो फरक. काम, माणसे आणि चुका पूर्ववत.

हे रहस्य भिलाईकरांस कोणी शिकवावे! २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन ज्या गावात पोलादाचा कारखाना उभा राहिला, त्या गावाला ज्या देशाने अभियंते धाडले, त्याच देशात १९३५ च्या ऑगस्टअखेर स्ताखानोव नावाच्या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा फोडून नेमून दिलेल्या कामाच्या १४ पट काम केल्याची द्वाही फिरली होती. त्याच्या मागोमाग लाकडी टेकू देत जाणारे सोबती मात्र त्या आकड्यात कोठेच दिसले नाहीत. पुढे १९६० मध्ये भिलाई पाहून गेलेल्या ख्रुश्चेव यांनीच स्वदेशात तक्रार केली होती की, उत्पादन टनांत मोजले जाते म्हणून आमच्याकडची झुंबरे निष्कारण जड होत चालली आहेत. गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये याच आशयाचा नियम मांडला आणि त्याच्या नावाने तो प्रसिद्ध पावला. झुंबरांचे श्रेय मात्र कोणास मिळाले नाही.

प्रश्नावलीवर खल चालू असता रेल मिलमधून निवृत्त झालेले आमचे दुसरे शेजारी येऊन बसले. भारतीय रेल्वेचे रूळ येथे १९६० पासून लाटले जातात, आणि आता तर रुळांना रूळ जोडून २६० मीटर लांबीचे पट्टे येथून रवाना होतात. त्यामुळे त्यांच्या बोलण्यातही एक प्रकारची लांबी असते.

"आमच्याकडे रूळ ध्वनिलहरींनी तपासायचे. नमुन्यावर वरून भलंमोठं वजन सोडायचं, मोडतो का बघायचं," ते म्हणाले. "तुमच्या प्रोग्रामवर वजन टाकून कोण बघतं?"

"ग्राहक बघतात, काका," तरुण म्हणाला. "सोडल्यानंतर."

यावर वृद्ध गृहस्थांनी चरोद्याच्या मार्शलिंग यार्डाकडे बोट केले. तेथील अधिकारी शंटिंगवाला किती घामाघूम झाला हे विचारीत नाही, वाघीण यार्डात किती तास अडकून पडली हे विचारतो. मला हा प्रश्न मार्मिक वाटला, कारण आमच्या तरुणाच्या फलकावरही 'तपासणीच्या प्रतीक्षेत' या रकान्यात एक काम तीन स्प्रिंट उभे होते व त्या अवधीत चमूतील प्रत्येक जण अत्यंत कार्यमग्न होता. २०१८ मध्ये निकोल फोर्सग्रेन आणि सहकाऱ्यांनी आपल्या ग्रंथात जे चार प्रश्न पुढे केले, ते बव्हंशी यार्डमास्तरचेच: नवे काम किती वेळा बाहेर पडते, लिहिल्यापासून चालू होईपर्यंत किती काळ जातो, बाहेर पडलेल्यापैकी किती बिघडते, आणि बिघडलेले किती लवकर सावरते. हे मला पटले, आणि मी ते उत्साहाने तरुणास सांगितले.

"तेही सुरू झालंय, काका," तो म्हणाला. "जास्त वेळा सोडायचं टार्गेट आहे. म्हणून एका बदलाचे आम्ही सात तुकडे करतो. मागच्या मंगळवारी एक स्वल्पविराम सोडला."

असो. ग्राहकाला पैसे परत मिळण्याचे बटण त्या तीन स्प्रिंटांपासून दाबले जात नव्हते, परंतु प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नसल्यामुळे त्याचा उल्लेख करता आला नाही. आठवड्याने निकाल लागला. चमूस पाचपैकी ४.८ गुण मिळाले, 'परमोत्कर्षप्राप्त' या अर्थाचे एक रंगीत प्रशस्तिपत्र ईमेलने आले, आणि त्याच ईमेलच्या दुसऱ्या परिच्छेदात व्यवस्थापकांनी या यशाने भारावून पुढील तिमाहीचे लक्ष्य पाचपैकी साडेपाच ठेवल्याचे कळवले. शुक्रवारच्या बैठकीत पट्टी दहाची करावी, असा ठराव एकमताने संमत झाला असून त्याच्या अंमलबजावणीचे काम तेरा पॉइंटांचे ठरले आहे.