बटणांची नावे गुप्त राखणाऱ्या विकासक मंडळींस अनावृत पत्र

प्रति,
वेब-अनुप्रयोग बांधणारी समस्त विकासक मंडळी यांस,

विषय : स्वयंचलित चाचणीचा यशस्वी बंदोबस्त केल्याबद्दल अभिनंदन.

सप्रेम नमस्कार वि. वि.

ब्राउझरमध्येच चालणारे, तरीही संगणकावर स्वतंत्रपणे बसवलेल्या प्रणालीच्या तोडीस तोड वागणारे जे अनुप्रयोग आपण बांधता, ज्यांत तक्ते जागच्या जागी उलगडतात, अक्षरे टंकता टंकता याद्या गाळल्या जातात आणि पान म्हणून कधी नव्याने उघडत नाही, त्यांच्या देखणेपणाविषयी दुमत नाही. सदर पत्राचा हेतू त्यांच्या एका उपेक्षित गुणाचा गौरव करण्याचा आहे. हे अनुप्रयोग माणसाला सहज वापरता येतात, परंतु तेच काम स्क्रिप्टकडून करवून घ्यायचे म्हटले की ते ताकास तूर लागू देत नाहीत. स्वयंचलित कार्यात्मक चाचणी म्हणजे आतल्या कोडकडे न पाहता, वापरकर्ता करील तीच कामे (लॉगिन करणे, अर्ज भरणे, तो जतन करणे) यंत्राकडून पुन्हा पुन्हा करवून घेऊन परिणाम पडताळणे. तिला नामोहरम करण्याची ही कला एका दिवसात साधलेली नाही.

जेसन हगिन्स यांनी थॉटवर्क्स या कंपनीच्या शिकागो कार्यालयात सेलेनियम हे साधन घडवले ते २००४ साली. त्या काळी एका टिचकीला एक पान असा सरळ व्यवहार होता आणि पान उघडून झाले की ब्राउझर तशी वर्दी देत असे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००५ मध्ये, जेसी जेम्स गॅरेट यांनी पान न बदलता पडद्याआडून सर्व्हरशी बोलण्याच्या पद्धतीला ‘एजॅक्स’ असे नाव दिले, आणि ती सर्वत्र रुळल्यावर ब्राउझरच्या त्या वर्दीला फारसा अर्थ उरला नाही. ब्राउझरच्या बाजूने मात्र दार उघडेच राहिले. बाहेरच्या प्रोग्रामने ब्राउझर कसा चालवावा हे ठरवणारी वेबड्रायव्हर ही प्रमाणपद्धती जून २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची अधिकृत शिफारस झाली आणि एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारे प्रमुख ब्राउझर तिच्यापुरते एका सुरात बोलू लागले. तेव्हा स्क्रिप्टला अडवण्याची सारी भिस्त आता अनुप्रयोगावरच आहे, आणि ती आपण समर्थपणे पेलली आहे, हे मान्य करावे लागते.

या कामगिरीत अग्रमान आयडीचा. पानावरील घटकाची ओळख पटावी म्हणून त्याला जे एकमेव नाव देता येते, ते आयडी. एक्स्टजेएससारख्या, तयार बटणे व तक्ते पुरवणाऱ्या संचात विकासकाने हे नाव दिले नाही, तर संच स्वतःच ‘बटन-१०१३’ किंवा ‘एक्स्ट-जेन१०२७’ अशी नावे पाडतो. त्यातील आकडा हा केवळ निर्मितीच्या क्रमाचा मोजक असतो. पडद्याच्या वरच्या भागात कोणी एक नवा रकाना घातला की खालचे ‘जतन करा’ हे बटण, त्याला कोणी हातही न लावता, १०१३ चे १०१६ होते. सोमवारी हिरवी असलेली चाचणी मंगळवारी लाल होते आणि बिघडलेले तर काहीच नसते. अलीकडच्या घडणीत हेच कार्य बिल्डच्या, म्हणजे कोडवरून अनुप्रयोग घडवण्याच्या, वेळी तयार होणारी, अर्थहीन अक्षरांच्या शेपटीची क्लासनावे पार पाडतात.

नाव नाही म्हटल्यावर बिचारा चाचणीकार एक्सपाथकडे, म्हणजे पानाच्या रचनेतून घटकापर्यंतची वाट सांगणाऱ्या भाषेकडे, वळतो आणि ‘मुख्य भागातील तिसरा डिव्ह (म्हणजे कप्पा), त्यातील दुसरा, त्यातील पाचवा, त्यातील स्पॅन’ अशी वाट लिहून ठेवतो. घरक्रमांक न देता ‘तिसऱ्या गल्लीतले पाचवे दार’ एवढ्यावर पाहुण्याला बोलावावे आणि रातोरात मध्ये एक नवी गल्ली काढावी, असा हा आतिथ्यधर्म होय. ‘डेटा-टेस्टआयडी’ यासारखा, केवळ चाचणीसाठी राखलेला आणि रंगरूप बदलले तरी न बदलणारा गुणधर्म बटणावर लिहायला अर्धी ओळ पुरते. ती अर्धी ओळ आपण आजवर कसोशीने वाचवली, या काटकसरीची नोंद इतिहास घेईलच.

दुसरे श्रेय प्रतीक्षेचे. माहिती येऊन पोचली की नाही, हे अनुप्रयोग सांगत नसल्यामुळे चाचणीकार स्क्रिप्टमध्ये ‘पाच सेकंद थांब’ असे लिहितो, सर्व्हर मंदावला की पाचाचे दहा करतो, आणि अशा शेकडो चाचण्या रात्रभर मुख्यतः झोपा काढतात. उलट थांबणे थोडे कमी पडले, तर तीच चाचणी कधी उत्तीर्ण आणि कधी अनुत्तीर्ण होते. अशा लहरी चाचण्यांचा उपद्रव मोठ्या घरांनाही चुकलेला नाही. गूगलने २०१६ साली स्वतःच्याच चाचण्यांबाबत दिलेल्या माहितीनुसार त्यांपैकी जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत कमीअधिक लहरीपणा होता. यावर उपाय नाही असे नव्हे. अँग्युलर या विकास-चौकटीच्या कर्त्यांनी ‘सध्या कोणतेही काम शिल्लक नाही’ हे बाहेरच्या साधनाला विचारता येईल अशी सोय चौकटीतच ठेवली. भरत असलेल्या तक्त्यावर ‘अरिया-बिझी’ ही खूण लावून ती काम संपताच काढणे, हे तर कोणत्याही चौकटीत जमते. पान भरताना बटण जागचे सरकते आणि टिचकी चुकते, हे दुखणे मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट या साधनाने परस्पर अंगावर घेतले आहे. लागोपाठ दोन फ्रेममध्ये बटण त्याच जागी दिसेपर्यंत ते टिचकीच मारत नाही. परंतु अनुप्रयोगाच्या मनात काय चालले आहे, हे अनुप्रयोगाखेरीज कोण सांगणार? चाचणीपूर्वी विदा मूळपदावर आणण्याची सोय नसणे आणि चाचणीच्या सर्व्हरवरही कॅप्चा चालू ठेवणे, या किरकोळ पराक्रमांचा येथे नुसता उल्लेख पुरे.

या बंदोबस्ताचे एक आनुषंगिक यश मात्र सविस्तर नोंदवले पाहिजे. बटणाची मूळ खूण टाळून साध्या डिव्हला रंग, कडा आणि सावली देऊन बटण भासवले, तर त्यावर टॅबच्या कळीने पोचता येत नाही. शिवाय पडद्यावरील मजकूर अंध व्यक्तीला वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणतच नाही, आणि आत केवळ चित्र असेल, तर त्याला त्याचे नावही सांगता येत नाही. घटकाची भूमिका आणि नाव यंत्राला कळेल असे सांगण्यासाठीच अरिया ही प्रमाणपद्धती मार्च २०१४ मध्ये शिफारस म्हणून मान्य झाली, आणि प्लेराइटसारखी साधने आज ‘जतन करा या नावाचे बटण’ अशा भूमिका-नावाच्या शोधालाच अग्रक्रम देतात. म्हणजे जी नोंद स्क्रिप्टला हवी असते, तीच अंध वापरकर्त्यालाही हवी असते. एकाच निष्काळजीपणात दोघांना अडवण्याची ही किमया साधताना चाचणीकाराचा केवळ वेळ जातो, दुसऱ्याचा अर्जच राहतो, हा तपशील बहुधा नियोजनाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर आला नसावा.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

ता. क. : चाचणीसाठी नावे दिल्याने पान जड होते, असा आक्षेप येणार हे गृहीत धरून एक जुना दाखला पुढे ठेवणे योग्य ठरेल. गूगलने २००६ मध्ये आणलेल्या जीडब्ल्यूटी या संचात ‘एन्शुअर-डीबग-आयडी’ नावाची सोय होती. तिने दिलेली नावे चाचणीच्या बिल्डमध्ये ‘जीडब्ल्यूटी-डीबग’ या उपसर्गासह उमटत आणि डीबगचे मॉड्यूल वगळले की ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डमधून नाहीशी होत. एवढ्यानेही समाधान न झाल्यास, कोणत्या बटणावर किती टिचक्या पडतात हे मोजण्यासाठी विपणन विभागाने त्याच पानावर कायमची नावे मागितली, तेव्हा ती किती तासांत देण्यात आली, याची नोंद कृपया पाहावी.