गुडीशेव पलीकडच्या गावात मिळते

सीमाभागात चांगली वस्तू नेहमी पलीकडच्या गावात मिळते. उदगीरला गुडीशेव विचारली तर दुकानदार म्हणाला, "आता इकडं कुठली? भालकीला बघा." भालकीत बिदरचे नाव सांगितले, बिदरमध्ये कलबुर्गीचे. या पट्ट्यातल्या गावांवरून 1956 पासून दोन राज्यांचे भांडण चालू आहे, 1967 साली महाजन आयोगाचा अहवाल येऊन गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. गुडीशेवेवर मात्र हक्क सांगायला कोणी तयार नाही.

ही मोहीम माझ्या मावशीची. मी फक्त पिशव्या धरायला. "माझा जन्म निजामाच्या राज्यात, शाळा हैदराबाद राज्यात, लग्न म्हैसूर राज्यात आणि माहेर आता कर्नाटकात," अशी ती स्वतःची ओळख करून देते. ऐकणाऱ्याला वाटते, बाईने बरीच भटकंती केली. प्रत्यक्षात हे सगळे भालकीतल्या एकाच वाड्यात घडले. वाडा जागचा हलला नाही, राज्येच येऊन गेली.

आता ऐंशी ओलांडल्यावर तिला जत्रेतली गुडीशेव आठवू लागली. बेसनाची करंगळीएवढी जाड शेव तळायची, गुळाचा पाक करायचा आणि शेव त्यात टाकून झाऱ्याने परतत राहायचे, पाक सुकून शेव कढईत खडखड वाजेपर्यंत. आवाज आला नाही तर समजावे की ती चिकटणार. खाताना आधी गूळ चोखायचा, मग बेसन कुडकुड फोडायचे. मावशीची दोन्हीकडची कवळी आहे, त्यामुळे दुसरी पायरी कशी पार पडणार हा प्रश्न मी घरीच विचारला होता. "तू आधी शेव तर आण," असे उत्तर मिळाले.

भालकीच्या बाजारात मावशीने ठेवणीतले कानडी बाहेर काढले. दुकानदाराने मराठीत उत्तर दिले. ती मराठीवर आली तर तो दखनीत शिरला, "हौ अम्मा, पहले मिलती थी, अब नक्को." ती दखनीत सुरू झाली तेव्हा त्याने घाईने पोराला कानडीत हाक मारली. सगळ्यांना सगळ्या भाषा येतात आणि प्रत्येक जण समोरच्याला त्याच्या भाषेत नकार देतो, एवढे सौजन्य पुण्यात कोणी दाखवणार नाही.

बिदरच्या मिठाईच्या दुकानात काचेमागे सुकामेव्याचे ठोकळे चांदीचा वर्ख लावून बसले होते. गुडीशेव म्हणताच तिथल्या तरुणाने आम्हाला शुगर-फ्री बर्फी दाखवली. मावशीने अशी काही नजर टाकली की त्याने ती स्वतःच खाल्ली.

मला यात त्या पोराचा दोष दिसत नाही. गुडीशेव ही जत्रेतली वस्तू. तिला दुकान नाही, डबा नाही, नाव छापलेला कागद नाही. रावळगावच्या गोळ्यांना मालक होता, म्हणून 2024 साली रिलायन्सने 27 कोटी मोजून त्यांची नावे विकत घेतली. आपल्या पिढीचे बालपण 27 कोटींना गेले म्हणून तेव्हा पुष्कळांनी उसासे टाकले. पण गेले म्हणजे निदान कोणाकडे तरी गेले. गुडीशेव विकत घ्यायची तर सही कोण करणार?

बिदरला आलोच आहोत तर बिदरी काम पाहावे म्हणून एका कारागिराकडे गेलो. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवल्यावर शेवटी ते किल्ल्यातल्या मातीच्या उकळत्या पाण्यात घालतात. धातू काळाकुट्ट होतो, चांदी तशीच राहते. ती माती ऊन-पाऊस न लागलेल्या जागेतून आणतात आणि चांगली आहे की नाही हे जिभेवर ठेवून ठरवतात. मावशी बाहेर येऊन म्हणाली, "बघ. इथं माती चाखून घेतात. आणि तुम्ही गूळ प्लास्टिकवरची तारीख वाचून घेता."

बिदर-कलबुर्गी रेल्वे 2017 साली सुरू झाली. तिनेच पुढे निघालो. हुमनाबाद मागे पडल्यावर मी विद्वत्ता काढली. जवळच्या बसवकल्याणला चालुक्यांची राजधानी होती, तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने 1129च्या सुमारास 'मानसोल्लास' लिहिला, त्यात नुसत्या उडदाची इडरिका आहे, धोसक आहे, दह्यात मुरवलेले वडे आहेत आणि शेतातले काळे उंदीर भाजायची कृतीही आहे.

"उंदीर लिहिले?" मावशी म्हणाली. "राजाला जत्रेत कोणी नेलं नसेल."

समोरच्या बाईंनी कमलापूरची लाल केळी पुढे केली. मावशीने दोन खाल्ली, तिसरे पिशवीत टाकले आणि मग मला विचारले, "तुला पाहिजे होतं का?"

कलबुर्गीत शरणबसवेश्वराची जत्रा होळीनंतर भरते. आम्ही पोचलो तेव्हा रथ ओढून झाला होता, पण देवळाबाहेरची दुकाने उठली नव्हती. चिरमुऱ्यांचे डोंगर, मिरची भज्यांचा ठसका, बेंडू-बत्तासूच्या राशी, आणि एका टोकाला ताडपत्रीखाली पिवळसर ढीग. गुडीशेव!

मावशीने भाव विचारला नाही. एक काडी उचलली, पाठ फिरवली, कवळी रुमालात बांधली आणि काडी गालात सरकवली. दुकानदार, मी आणि मिरची भजी खाणारी दोन पोरे निकालाची वाट बघत उभे राहिलो.

"पाक कच्चा आहे."

"आजी, तीस वर्षं करतोय मी," दुकानदार मराठीत म्हणाला.

"तीस वर्षं कच्चाच करतोयस."

मागे कढईत पुढचा घाणा चालू होता. मावशी ताडपत्रीखालून आत गेली. जाळ कमी करायला लावला, दुकानदाराच्या बायकोच्या हातातून झारा घेतला आणि "हं, आता ऐक" म्हणून परतू लागली. तिघे जण वाकून कढईला कान लावल्यासारखे उभे. बऱ्याच वेळाने खडखड सुरू झाली तशी त्या बाईने नवऱ्याकडे असे पाहिले की आता त्याचे काही खरे नव्हते. मावशीला बसायला स्टूल आले, चहा आला. गर्दीही जमली, कारण आत म्हातारी ओरडते आहे म्हणजे माल ताजा असणार.

आमच्या गाडीची वेळ टळत होती. हे मी तीनदा सांगितले. मावशी कागदाच्या पुड्या बांधत होती.

एका बाईंनी मलाच दुकानातला माणूस समजून विचारले, "पावशेर कसं?"

मी मावशीकडे बोट दाखवले. मावशीने दुकानदाराचा भाव दहा रुपयांनी चढवून सांगितला.