जयंतीकाठची शाळा

परदेशात म्हणे ओढ्याकाठी उद्यान करतात, पायवाटा आखतात आणि पोरांना पर्यावरण शिकवतात. त्यात काय एवढं! कोल्हापुरात जयंती नाला हेच काम बिनफी करतोय. एके काळी ही नदी होती. शहर शहाणं झालं आणि तिचा नाला झाला.

अभ्यासक्रम भरगच्च आहे. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा नको, पुलावर नाकावरचा रुमाल काढला की पुरे. वनस्पतिशास्त्राला केंदाळ हजर. नागरिकशास्त्राचा तास मोपेडवर भरतो : निर्माल्याची पिशवी कठड्यावरून भिरकावायची, लगेच हात जोडायचे आणि पुढच्या चौकात ‘महापालिका काय करते?’ म्हणून विचारायचं. सांडपाण्याचे उपसा पंप बंद पडले की सगळा वर्ग सहलीला थेट पंचगंगा नदीत.

परीक्षा पावसाळ्यात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांना आलं की इशारा, ४३ फुटांना धोका. एवढे दोन आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. २०१९ आणि २०२१ साली पेपर जरा अवघड गेला. पंचगंगेच्या फुगीनं नाला उलटा शाहूपुरीत शिरला, घरोघरी जाऊन त्यानं तोंडी परीक्षा घेतली. निकाल मात्र उत्तम : नापास कुणीच नाही, सगळे वर चढवले. वरच्या वर्गात नव्हे, वरच्या मजल्यावर.