जिना पुसता पुसता

स्टुटगार्ट

ती. बाबा,


पार्सल पोचलं. लोणच्याची बरणी शाबूत आहे, त्याचं श्रेय आईच्या जुन्या लुगड्याला. बाबा, तुमचा रविवारचा फोन मात्र डोक्यातून जात नाही. "दुसऱ्याला भाडं काऊन भरता? एक घर घ्या, भाड्यानं टाका, बसल्या जागी पैसा!" फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून मशीनमध्ये कपडे फिरताहेत तोवर लिहून काढते.

इथं घर घेतलं की आधी सरकारचा 5 टक्के खरेदीकर. मग नोटरी, नोंदणी, दलाल. किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास नुसतेच उडतात. चार लाख युरोच्या घरावर चाळीस हजार. त्याचे रुपये करू नका, आईला घेरी येईल. भाडेकरूकडून अनामत फार तर तीन महिन्यांच्या भाड्याएवढी, तीही वेगळ्या खात्यात. भाडं तीन वर्षांत 20 टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, आमच्यासारख्या शहरात तर 15च. आणि आठ वर्षं राहिलेल्याला 'मलाच राहायचंय' म्हणून उठवायचं तरी नऊ महिन्यांची नोटीस! आपले नानाकाका इथं असते तर त्यांनी घर घेतलंच नसतं, जन्मभर भाडेकरू राहिले असते.

वर हा 'केअरवोखे'. म्हणजे झाडणीचा आठवडा. आपली पाळी आली की दारावर एक छोटी पाटी लटकते. मग जिना, तळघर, दारासमोरची फरशी, हिवाळ्यात बर्फसुद्धा, सगळं आपलं. पाटी काढून शेजाऱ्याच्या दारावर लावल्याशिवाय सुटका नाही. खालच्या आजी पुसलेल्या पायरीवरून बोट फिरवून बघतात. सासूबाई नांदेडला, आणि मी इथं सुनेसारखी जिना पुसते. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "नियम आहे." स्वतःच्या पाळीला यांची मीटिंग असते.

आता तुम्ही घ्यायचा म्हणता तो संभाजीनगरचा फ्लॅट. समजा 40 लाखांचा, भाडं 11,000. वर्षाचे 1,32,000. मध्ये एक महिना रिकामा गेला की 1,21,000. सोसायटी महिना दीड हजार धरा, घरपट्टी, रंग, नळ-फिटिंगचे पंधरा हजार. उरले 88,000, म्हणजे सव्वादोन टक्केसुद्धा नाहीत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे अडीच-तीन लाख मी धरलेलेच नाहीत. किंमत वाढेल म्हणता, वाढेलही. पण ते भाड्याचं उत्पन्न नव्हे. माझ्या नावावर घ्याल तर मी परदेशस्थ, म्हणजे भाडेकरूनं 31.2 टक्के कर कापून उरलेलं द्यायचं. हे झेंगट कोण गळ्यात घेईल?

आणि तुम्ही आपल्या घराच्या वरच्या खोल्या सरांना भाड्यानं तोंडीच दिल्यात, "माणूस चांगला आहे" म्हणून. असेल. पण 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी करून नोंदवणं हे मालकाचं काम. नोंदवलेला करार नसला तर भाडं किती ठरलं, अटी काय, यात भाडेकरूचंच म्हणणं आधी धरतात. दंड 5,000 पर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. ऑनलाइन होतो करार, शुल्क चहापाण्याएवढं. पोलिसांकडेही माहिती द्या. सर रागावणार नाहीत, उलट त्यांनाही कागद लागतो.

"खर्च काहीच नाही," म्हणालात ना? वरचं पाणी संपलं की मोटार कोण लावतं? प्लंबरमागे कोण लागतं? सरांच्या पोरांना संध्याकाळी थालीपीठ कोण देतं? आईचा पगार धरा, मग भाड्याचा हिशेब सांगा.

सरांना सांगा, पूर्वेच्या खिडकीची कडी जरा वर उचलून लावावी लागते, नाहीतर पावसात पल्ला आपटतो. मी दहावीला तिथंच बसायचे. आपल्या गावच्या यात्रेत मंडपाच्या लाटा, म्हणजे ते उंच खांब, उभ्या राहताना बालाजीच्या देवळाकडून गलका यायचा नि पुस्तक मिटायचं. यंदा ह्यांना सुट्टी नाही, मला आहे, आणि तिकिटाचे भाव बघून मी दोनदा रडले. आईला सांगू नका.

बाकी, आपल्या रंजीनं शेवटी चिखलीचं स्थळ नाकारलं हे बरं केलं; मुलगा फोनवरसुद्धा हिशेब विचारत होता. नानाकाकांनी समृद्धी महामार्गाजवळ प्लॉट घेतला म्हणता. सातबारा पाहिला का? बिगरशेती झालाय का? मी विचारलं तर म्हणाले, "समोर समृद्धी!" समोर म्हणजे किती किलोमीटर, तेवढं तुम्ही विचारून घ्या.

तुमची,
माई